अंबाडा, कल्ले आणि पस्तिशी : सेवेतल्या माणसाच्या दिसण्याचा इतिहास

(१) मांडव्याच्या जेट्टीवर उतरून चोंढीमार्गे किहीमला पोहोचलेल्या पाहुण्याला हॉटेलात भेटणारा पहिला माणूस बहुधा आसपासच्या गावातलाच असतो. मात्र तो घरी दिसतो तसा येथे दिसत नाही. सदऱ्याचा रंग नेमून दिलेला, दाढी केलेली, केस चापून बसवलेले. ती मुलगी असेल तर केस बांधलेले आणि कानांत मोजकेच काही. पाहुणा स्वतः अर्ध्या विजारीत आणि रबरी चपलांत असतो, त्याला कोणी काही विचारत नाही. सेवा घेणाऱ्याने कसेही यावे आणि सेवा देणाऱ्याने नेमून दिल्याप्रमाणेच दिसावे, हा दंडक इतका अंगवळणी पडला आहे की त्याला इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. इतिहास आहे, आणि त्याचा मोठा भाग किहीमच्या समोरच्या बाजूला, खाडीपलीकडच्या मुंबईत घडला आहे.

(२) आरंभ शब्दांपासून करावा. सरकारी कचेरीच्या दारात उभ्या असणाऱ्या माणसाला मराठीत ‘पट्टेवाला’ म्हणतात. त्याच्या छातीवरून जाणारा किंवा कमरेला असणारा पट्टा आणि त्यावरचा पितळी बिल्ला हीच त्याची ओळख. ‘चपराशी’ हा शब्दही तसाच, चपरास म्हणजे बिल्ला. माणसाचे काम निरोप नेण्याचे, दार उघडण्याचे, आलेल्याला बसवण्याचे. पण भाषेने त्याचे नाव कामावरून ठेवले नाही, अंगावरच्या वस्तूवरून ठेवले. पट्टा काढला की पट्टेवाला उरत नाही. सेवेच्या नोकरीत पोशाख हा नोकरीचा भाग नसून पुष्कळदा तोच नोकरी असतो, हे मराठी भाषेला फार आधी कळले होते.

(३) एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या कचेरीत शिरणाऱ्या एतद्देशीय माणसापुढे मोठा प्रश्न पायांचा होता. साहेबापुढे जाताना जोडे दाराबाहेर काढावेत आणि डोक्यावर पागडी मात्र असावी, असा रिवाज. या देशात आदर दाखवताना पाय उघडे व डोके झाकलेले असते, तर इंग्रजांकडे टोपी काढतात आणि बूट ठेवतात. दोन रीती एकमेकींच्या अगदी उलट. कंपनी सरकारने यातली देशी रीत उचलली, पण एकाच बाजूला लावली. साहेब बुटांत बसत असे, कारकून अनवाणी उभा राहत असे.

(४) १८५४ मध्ये गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलने या रिवाजात सवलत दिली. जे ‘नेटिव्ह’ सद्‌गृहस्थ युरोपीय पद्धतीचे बूट वापरत असतील त्यांनी सरकारी प्रसंगी ते पायांत ठेवले तरी चालेल, असे ठरले. सवलत वाचताना अट सुटू नये. देशी जोडे घालणाऱ्याला ती नव्हती. पुणेरी जोड्यांतून आलेला शिरस्तेदार अनवाणीच राहिला आणि विलायती बूट परवडणाऱ्याला चौकटीच्या आत येता आले. पोशाखाचे नियम सैल होतात तेव्हा ते सर्वांसाठी एकाच वेळी सैल होत नाहीत. आधी त्यांच्यासाठी होतात जे नियम करणाऱ्यासारखे दिसू लागले आहेत.

(५) १८६२ मध्ये सुरतेच्या न्यायालयात माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थाने बूट काढण्यास नकार दिला आणि त्याला बाहेर जावे लागले. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात होती. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले आणि ‘जोड्यांचा प्रश्न’ या नावाने ओळखले जाऊ लागले. न्यायालयांच्या बाबतीत सवलत मिळायला १८७४ उजाडावे लागले. बूट काढावेत की नाहीत एवढ्याशा गोष्टीला वीस वर्षे लागली.

(६) येथे किहीमचा एक धागा जुळतो. किहीम हे तय्यबजी कुटुंबाच्या सुट्यांचे गाव. पक्षितज्ज्ञ सालिम अली याच कुटुंबाच्या आश्रयाने वाढले, मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातील गाईड-लेक्चररचे पद गेल्यावर किहीमला येऊन राहिले आणि १९३०च्या पावसाळ्यात त्यांनी तेथेच सुगरणीच्या घरट्यांचा तो प्रसिद्ध अभ्यास केला. याच घराण्यातले बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर म्हणून उभे राहणारे पहिले भारतीय ठरले आणि १८९५ मध्ये तेथेच न्यायमूर्ती झाले. त्यांची प्रचलित छायाचित्रे पाहिली तर दाढी आणि डोक्यावरचा फेटा दोन्ही जागच्या जागी आहेत. इतक्या उंचीवर पोहोचलेल्या माणसाला स्वतःसारखे दिसण्याची मुभा मिळते. कचेरीच्या दारातल्या माणसाला ती मिळत नाही.

(७) १९२१ मध्ये डोक्याचा प्रश्न उलटा झाला. आता पागडी नव्हे, तर पांढरी खादीची टोपी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. रत्नागिरीच्या न्यायाधीशाने वकिलांनी गांधी टोपी घालून न्यायालयात येऊ नये असे फर्मावले आणि गांधीजींनी त्यावर जाहीर टीका केली. टोपीची किंमत काही आण्यांची, पण ती डोक्यावर ठेवण्याची किंमत सनद किंवा नोकरी असू शकत होती.

(८) इथपर्यंतचे सर्व नियम साहेबासाठी होते. विसाव्या शतकात साहेबाची जागा गिऱ्हाइकाने घेतली. हा बदल सर्वांत स्पष्ट दिसतो तो विमानात. १९३० मध्ये अमेरिकेत एलेन चर्च ही प्रशिक्षित परिचारिका बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात प्रवाशांच्या सेवेसाठी रुजू झाली आणि जगातील पहिली स्त्री विमानसेविका ठरली. तिला खरे तर वैमानिक व्हायचे होते. कंपनीने त्या कामाला नकार दिला, पण विमानात परिचारिका असेल तर भेदरलेल्या प्रवाशांना धीर येईल हे तिचे म्हणणे मान्य केले. निवड करताना वय, उंची, वजन आणि अविवाहित असणे या अटी घातल्या गेल्या. छोट्या विमानात वजनाला अर्थ होता. विमाने मोठी झाली, अट मात्र तशीच राहिली. पुढे शुश्रूषेचे शिक्षण अनावश्यक ठरले आणि दिसणे तेवढे आवश्यक उरले.

(९) भारतात ही नोकरी मुंबईत रुजली. जे. आर. डी. टाटांनी १९३२ मध्ये सुरू केलेली हवाई सेवा १९४६ मध्ये ‘एअर इंडिया’ झाली आणि ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले तरी अध्यक्षपदी जे. आर. डी. राहिले. त्यांची नजर बारीक होती. विमानप्रवास करून आले की ते टिपणे पाठवत. चहाचा रंग कॉफीसारखा का दिसतो, अमुक खुर्ची तमुक खुर्चीपेक्षा जास्त का कलते, असे सारे त्यांत असे. पुरुष कर्मचाऱ्यांचे कानाखाली उतरलेले कल्ले, ओघळलेल्या मिशा आणि विमानसेविकांचे डोक्याएवढे अंबाडे यांचीही त्यांनी टिपणांत दखल घेतली होती. एका मोठ्या उद्योगपतीने कर्मचाऱ्याच्या कल्ल्यांची लांबी पाहावी, हे आज गमतीचे वाटेल. पण त्या काळात एअर इंडियाचा लौकिक याच बारकाव्यांवर उभा राहिला, हेही खरे आहे. नियम घालणारा प्रत्येक जण जुलमी नसतो. पुष्कळदा त्याला आपले काम फार आवडत असते.

(१०) आरंभी एअर इंडियाच्या विमानसेविका पाश्चात्त्य धाटणीच्या झग्यात किंवा कोट-स्कर्टमध्ये असत. १९६०च्या दशकात साडी आली आणि जगभरच्या जाहिरातींतून ती कंपनीची ओळख बनली. बॉबी कूका आणि उमेश राव यांचा झुकून नमस्कार करणारा महाराजा १९४६ पासून होताच. जाहिरातीत महाराजा स्थूल, मिशाळ आणि मिस्कील. त्याच्या विमानातली सेविका मात्र सडपातळ, तरुण आणि शांत. महाराजाला वय नव्हते.

(११) आणि मराठीने या नोकरीला नाव दिले ‘हवाई सुंदरी’. पट्टेवाल्याप्रमाणेच येथेही कामाचा उल्लेख नाही. आग लागली तर प्रवाशांना बाहेर काढणे, गुदमरलेल्याला श्वास देणे, मद्यपी प्रवाशाला आवरणे हे सारे तिचे काम, पण नावात फक्त ती कशी दिसते एवढेच. पट्टा निदान संध्याकाळी खुंटीला अडकवता येतो.

(१२) नियमपुस्तकात तर याहून कठोर गोष्ट लिहिलेली होती. एअर इंडियाच्या सेवा विनियमांतील ४६ व्या विनियमाप्रमाणे हवाई सुंदरीची नोकरी तीनपैकी जे आधी घडेल त्यावर संपत असे : वयाची ३५ वर्षे पूर्ण होणे, रुजू झाल्यापासून चार वर्षांच्या आत विवाह करणे, किंवा पहिल्यांदा गर्भवती होणे. ३५ नंतर व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीने, प्रकृती ठीक असल्यास, एकेक वर्षाची मुदतवाढ मिळे. तीही फार तर ४५ पर्यंत. त्याच विमानात, त्याच गाड्यावरून जेवण वाढणारा पुरुष सहायक फ्लाइट पर्सर ५८ व्या वर्षी निवृत्त होत असे.

(१३) हे केशभूषेच्या नियमांपेक्षा वेगळे प्रकरण आहे असे वाटू शकते. तसे ते नाही. अंबाड्याचा आकार, वजनाची मर्यादा, साडीच्या निऱ्या आणि पस्तिशी ही एकाच विचाराची टोके होती. प्रवाशाला तरुण आणि अविवाहित दिसणारी स्त्री हवी आहे, असे गृहीत धरले की केस कसे बांधावेत हेही ठरते आणि मूल कधी होऊ द्यायचे नाही हेही ठरते. १९६५ च्या खोसला न्यायाधिकरणाच्या निवाड्यात तर तरुण व आकर्षक सेविका अवघड प्रसंग अधिक कौशल्याने हाताळू शकते, अशा आशयाचा युक्तिवाद ग्राह्य धरला गेला होता. १९७२ मध्ये महेश न्यायाधिकरणापुढेही हा प्रश्न आला आणि मूळ चौकट बदलली नाही. तीस वर्षांचा अनुभव असलेली बाई अवघड प्रवाशाला अधिक सहज हाताळेल, ही शक्यता कोणाच्या ध्यानी आली नाही, हे नवलच.

(१४) त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बसगाड्यांवर एक वेगळी लढाई चालू होती. वुल्व्हरहॅम्प्टनमधील बसचालक तरसेमसिंग संधू १९६७ मध्ये आजारपणाच्या रजेवरून दाढी व पगडीसह कामावर परतले आणि त्यांना घरी पाठवण्यात आले. नगर परिवहनाचा नियम दाढी करून येण्याचा होता. हजारो शिखांनी मोर्चा काढला. सोहनसिंग जॉली यांनी नियम न बदलल्यास आत्मदहन करण्याचे जाहीर केले. अखेर ९ एप्रिल १९६९ रोजी परिवहन समितीने बंदी उठवली. नियमांच्या समर्थनार्थ ‘गिऱ्हाइकाला आवडणार नाही’ हे कारण सर्वत्र दिले जाते. गिऱ्हाइकाला विचारून नियम केल्याचे उदाहरण मात्र दुर्मीळ असते.

(१५) अमेरिकेत हे कारण न्यायालयाच्या तराजूत पडले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने लिंगाधारित भेदाला मनाई केली होती. सेलिओ डियाझ या पुरुषाला पॅन अमेरिकन कंपनीने केवळ पुरुष म्हणून ही नोकरी नाकारली. प्रवाशांना स्त्रियाच आवडतात, असे कंपनीचे म्हणणे. १९७१ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की विमान कंपनीचे मुख्य काम प्रवाशांना सुरक्षित पोहोचवणे हे आहे आणि गिऱ्हाइकाची आवड हे भेदभावाचे कारण होऊ शकत नाही. विमानसेविकांचे लग्न, वय आणि रूप यांवरचे नियम त्यानंतरच्या वर्षांत तिकडे एकामागून एक ढासळले. या निकालाचा फायदा सर्वाधिक झाला तो स्त्रियांना, आणि खटला लढला होता एका पुरुषाने.

(१६) मुंबईत हे काम नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी विमानसेविकांनी केले. ज्या विनियमांनी त्यांना तिशीनंतर दिवस मोजायला लावले होते, त्यांनाच त्यांनी न्यायालयात आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयातील प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाले. वाद साधा होता : एकाच विमानातल्या पुरुषाला ५८ आणि स्त्रीला ३५, हे घटनेच्या १४ व १६ या अनुच्छेदांत कसे बसते? कंपनीचे उत्तर असे की सेविका आणि पर्सर हे मुळातच वेगळे संवर्ग आहेत. त्यांची भरती, पात्रता, बढती सारे निराळे. शिवाय समान वेतन कायद्याच्या संदर्भात हा फरक लिंगाधारित नाही, अशी अधिसूचना केंद्र सरकारने १९७९ मध्ये काढून ठेवली होती.

(१७) २८ ऑगस्ट १९८१ रोजी न्या. मुर्तझा फझल अली यांनी निकाल लिहिला. तो आज वाचताना वाचक एकदा सुखावतो आणि एकदा चकित होतो. पहिल्या गर्भारपणाला नोकरी संपवण्याची अट न्यायालयाने रद्द केली, आणि सौम्य शब्दांत नव्हे. लग्नाची परवानगी द्यायची आणि मूल झाले की हाकलायचे, हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, अशी भूमिका निकालात आहे. वय वाढले की सेविकेचे आकर्षण कमी होते, हा युक्तिवादही आपल्या संस्कृतीला न शोभणारा म्हणून फेटाळण्यात आला. व्यवस्थापकीय संचालकाची मर्जी तर टिकलीच नाही. कोणाला मुदतवाढ द्यायची आणि कोणाला नाही याचे कोणतेही मार्गदर्शक तत्त्व नसलेला असा अनिर्बंध अधिकार मनमानीचा ठरला.

(१८) मात्र त्याच निकालात चार वर्षांच्या विवाहबंदीला न्यायालयाने मान्यता दिली. मुलगी अधिक प्रगल्भ होते, कुटुंबनियोजनाला हातभार लागतो, कंपनीचा प्रशिक्षणाचा खर्च वाया जात नाही, अशी कारणे त्यासाठी दिली गेली. पहिल्याऐवजी तिसऱ्या गर्भारपणाला नोकरी संपवण्याची कंपनीने सुचवलेली दुरुस्तीही न्यायालयाला रास्त वाटली. देशाच्या लोकसंख्येची चिंता एका विमानसेविकेच्या नेमणूकपत्रावर आणून ठेवली गेली. आणि मूळ प्रश्नाचे, पुरुष पर्सर आणि स्त्री सेविका समान आहेत की नाहीत याचे, उत्तर ‘नाही’ असे आले. दोघे भिन्न संवर्ग, म्हणून तुलनाच नको. संवर्ग भिन्न का आहेत, तर भरतीच लिंग पाहून होते म्हणून. हे वर्तुळ त्या निकालात बंद झाले आणि पुढची तीस वर्षे कोणी ना कोणी ते उघडण्याचा प्रयत्न करत राहिले.

(१९) १९८७ मध्ये लीना खान खटला आला. परदेशात नेमलेल्या सेविकांना जास्त वयापर्यंत उड्डाण करता येते आणि भारतात नेमलेल्यांना येत नाही, हा त्यातला आक्षेप. १९८९ मध्ये केंद्र सरकारच्या निर्देशानंतर सेविकांचे निवृत्तीचे वय ५८ झाले, पण उड्डाणाची मर्यादा वेगळी राहिली : आधी ४५, पुढे ५०. त्यानंतर जमिनीवरचे काम. २००३ मध्ये यशस्विनी मर्चंट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था कायम ठेवली. या खटल्यातली एक बाजू सहसा सांगितली जात नाही. स्त्रिया तेथे एका बाजूला नव्हत्या. काही सेविकांना ५८ पर्यंत उडायचे होते. काहींना ५० नंतर जमिनीवर येण्याचा करार सोयीचा वाटत होता, कारण रात्रीअपरात्रीची उड्डाणे शरीराला झेपत नव्हती. हक्क सर्वांना एकच हवा असतो, असे इतिहास लिहिताना गृहीत धरू नये. उड्डाणाची ती मर्यादाही लवकरच सरकारी निर्णयाने उठली, आणि २०११ मध्ये सेविकांनी विमानातील पर्यवेक्षक होण्याला पुरुष पर्सरांनी घेतलेला आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. पर्सरच्या वरिष्ठ जागी हवाई सुंदरी बसू शकते, हे ठरायला नर्गिस मिर्झा निकालापासून ३० वर्षे लागली.

(२०) वजनाची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारी विमान कंपनीचा वजनमर्यादेचा नियम वैध ठरवला आणि २००९ च्या आरंभी एअर इंडियाने वजनाच्या कारणावरून दहा विमानसेविकांना नोकरीतून काढले. पहिल्या गर्भारपणाची अट न्यायालयात पडली; काटा मात्र टिकला. कदाचित वजनाच्या नियमाला आरोग्य आणि सुरक्षा यांचा आधार देता येतो म्हणून. तो आधार किती खरा आणि किती सोयीचा, हा वाद अजून मिटलेला नाही.

(२१) खटल्यांशिवायही नियम सैल होतात, आणि मग त्यांचे कारण बहुधा माणसे मिळेनाशी होणे हे असते. डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडले तेव्हापासून कर्मचाऱ्यांना मिशी ठेवण्यास मनाई होती. संस्थापक वॉल्ट डिस्ने यांना स्वतःला मिशी होती, हे वेगळे सांगायला नको. मिशीला परवानगी २००० मध्ये मिळाली, दाढीला २०१२ मध्ये. २०१९ मध्ये व्हर्जिन अटलांटिकने सेविकांवरची रंगभूषेची सक्ती उठवली. जपानमध्ये उंच टाचांच्या सक्तीविरुद्ध स्त्रियांनी चळवळ उभारली आणि २०२० मध्ये जपान एअरलाइन्सने सपाट बूट व विजार घालण्याची मुभा दिली. सुरतेच्या न्यायालयात १८६२ मध्ये बूट पायांत ठेवण्यासाठी भांडण झाले होते. टोकियोत दीडशे वर्षांनंतर ते काढण्यासाठी झाले. पाय कोणाचे, हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

(२२) महाराष्ट्रात या इतिहासाचे एक पान मंत्रालयात लिहिले गेले. ८ डिसेंबर २०२० रोजी सामान्य प्रशासन विभागाने शासकीय कर्मचाऱ्यांच्या पेहरावाविषयी सूचना काढल्या. कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही त्या लागू होत्या. स्त्रियांनी साडी, सलवार-कुर्ता किंवा विजार-शर्ट, पुरुषांनी शर्ट आणि विजार घालावी, गडद रंगांचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे टाळावेत, जीन्स आणि टी-शर्ट नकोत, स्लिपर नकोत, शुक्रवारी खादी वापरावी. कारण दिले होते ते ओळखीचे : कचेरीत येणाऱ्या लोकांच्या मनात कर्मचाऱ्याच्या पोशाखावरून शासनाची प्रतिमा तयार होते. १९२१ मध्ये रत्नागिरीत जी खादी डोक्यावर चालली नव्हती, ती आता आठवड्यातून एकदा अंगावर हवी होती.

(२३) टीका झाली. गडचिरोलीच्या जंगलात फिरणाऱ्या किंवा पंचनाम्यासाठी शेताच्या बांधावरून चालणाऱ्या कर्मचाऱ्याला जीन्स हाच टिकाऊ आणि स्वस्त कपडा आहे, हे मुंबईत बसून लक्षात आले नसावे. १८७३ मध्ये लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी तांब्याच्या रिबिटींचे पेटंट घेतले, तेच मुळी कष्टकऱ्यांच्या विजारी फाटू नयेत म्हणून. मार्च २०२१ मध्ये सुधारित सूचना आल्या आणि जीन्सवरची बंदी गेली. टी-शर्टवरची राहिली. किहीमच्या तलाठ्याला सातबाऱ्याचा उतारा देताना जीन्स चालते, वर कॉलर मात्र हवी. गावातल्या हॉटेलच्या गल्ल्यावरच्या मुलाला बहुधा दोन्हीची मुभा नाही, कारण त्याच्यासाठी शासन निर्णय निघत नाही, त्याला संघटना नसते आणि त्याच्या नियमांची प्रत भिंतीवरही लागत नाही. ते नियम त्याला तोंडी सांगितले जातात.

(२४) जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. डिसेंबर २०२३ मध्ये मनीष मल्होत्रा यांनी रेखाटलेला नवा गणवेश जाहीर झाला : स्त्रियांसाठी तयार शिवलेली साडी, जी विजारीवरही नेसता येते, आणि पुरुषांसाठी बंदगळ्याचा कोट. साडीखाली विजार म्हणजे आणीबाणीत धावता येणे. नर्गिस मिर्झा यांच्या काळात जाहिरातीसाठी नेसवलेली साडी प्रथमच कामाच्या बाजूने थोडी सरकली.

(२५) नरिमन पॉइंटवरची एअर इंडियाची २३ मजली इमारत या व्यवहारात टाटांकडे गेली नाही. १९७४ मध्ये पूर्ण झालेली, अमेरिकन वास्तुरचनाकार जॉन बर्गी यांच्या आराखड्याची ही इमारत अनेक वर्षे कंपनीचे मुख्यालय होती, आणि ४६ वा विनियम लागू असताना हवाई सुंदरींचा कारभार तेथूनच चालत असे. ती १६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र शासनाला विकण्याचा निर्णय झाला. मंत्रालयात जागा पुरत नाही, म्हणून शासनाच्या विखुरलेल्या कचेऱ्या तेथे आणायच्या आहेत. तेथे येणाऱ्या कर्मचाऱ्यांना विवाहाची, वयाची किंवा वजनाची अट असणार नाही. शुक्रवारी खादी आणि टी-शर्ट नको, एवढेच.